खोलीतून खोलीत, गावातून गावात

कोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या पेठेतले घर डोळ्यांपुढे आणा. पुढे सोपा, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि जिना चढून गेले की माडीवर दोन खोल्या. खालच्या भिंती दगडी, हात-दीड हात जाडीच्या. सोप्यात वडिलांचा संगणक आहे. त्यावर दुकानाचा हिशेब चालतो. माडीवर ताईचा लॅपटॉप आहे. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रिंटर मात्र घरात एकच, तोही सोप्यात. ताईला चार पाने छापायची असली, की ती धाकट्याला हाक मारते, त्याच्या हाती पेनड्राइव्ह देते आणि तो धडधडत जिना उतरतो. पाने घेऊन वर आला, की कळते तिसऱ्या पानावर एक आकडा चुकला आहे. पुन्हा जिना!

अशा घरातले संगणक एकमेकांना जोडायचे कसे, ते आज पाहू या. काम फार अवघड नाही. हायस्कूलच्या विद्यार्थ्याला मोठ्यांच्या मदतीने एका रविवारी करता येईल एवढेच ते आहे. पण तार विकत आणण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. बहुतेक जण तो विचारीत नाहीत. प्रश्न असा : आपल्याला पाठवायचे आहे तरी काय? या साध्या प्रश्नाची किंमत सांगणारी एक खरी हकीकत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच घडली आहे. तीही या लेखात वाटेवरच भेटेल.

धाकट्याचा वेग

प्रथम जिना उतरणाऱ्या धाकट्याचा हिशेब करू. संगणकातली सगळी माहिती शून्य आणि एक या दोन चिन्हांनी लिहिलेली असते. अशा एका चिन्हाला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. पेनड्राइव्ह ६४ गिगाबाइटचा असेल, तर त्यात सुमारे ६४ अब्ज बाइट, म्हणजे ६४ × ८ = ५१२ अब्ज बिट मावतात. धाकट्याला खाली पोचायला एक मिनिट लागले असे धरा. ५१२ भागिले ६० म्हणजे साधारण साडेआठ. म्हणजे धाकटा दर सेकंदाला साडेआठ अब्ज बिट वाहून नेतो! आज घरोघरी वापरली जाणारी चांगली तार सेकंदाला एक अब्ज बिट नेते. मग धाकटा तारेच्या आठपट वेगवान ठरला की!

तुम्ही म्हणाल, पेनड्राइव्ह भरायला आणि रिकामा करायलाही वेळ लागतो. खरे आहे. पण तो वेळ सोडून दिला तरी एक मोठी उणीव राहतेच. ताईने विचारले, “प्रिंटरमध्ये कागद आहे का?” तर हा एवढासा प्रश्न न्यायला एक मिनिट आणि उत्तर आणायला एक मिनिट. प्रश्न लहान असो की मोठा, जिना तेवढाच. तारेचे तसे नाही. तांब्याच्या तारेत संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. माडीपर्यंतची २० मीटर तार तो सेकंदाच्या एक कोटीव्या भागात ओलांडतो. तेव्हा जाळ्याचा खरा उपयोग ओझे वाहण्यापेक्षा संवादासाठी अधिक आहे. एकाने विचारावे, दुसऱ्याने लगेच सांगावे, ही त्याची खुबी.

वारणा खोऱ्यातले प्रश्न

आता घरातून बाहेर पडू. कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांच्या सीमेवरून वारणा नदी वाहते. तिच्या खोऱ्यात, पन्हाळा तालुक्यात, वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात येथे सहकारी साखर कारखाना स्थापन झाला आणि पुढे त्याच्याभोवती दूध संघ, ग्राहक भांडार, शाळा, महाविद्यालये असा सहकाराचा मोठा पसारा वाढला.

ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना गाळप हंगामातली घालमेल सांगायला नको. आपल्या उसाची नोंद झाली का? तोड कधी येणार? काट्यावर वजन किती भरले? बिलातून खताची कपात किती झाली? हे प्रश्न साधे नाहीत. तोड लांबली आणि उसाला तुरा येऊन गेला, तर नुकसान. ऊस तुटून फडात पडून राहिला, तर त्याचे वजन घटते आणि साखरही कमी होते. वर्षभराच्या कष्टाचे मोल या चार उत्तरांवर अवलंबून. आणि ती उत्तरे मिळवायची कशी? चिटबॉयला गाठायचे, नाही तर गट ऑफिस, नाही तर सरळ कारखाना. म्हणजे आपल्या धाकट्याचा जिना इथे काही किलोमीटर लांबीचा झाला होता!

१९९८ साली यावर उपाय म्हणून एक मोठा प्रयोग सुरू झाला. नाव होते ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’, म्हणजे तारांनी जोडलेली गावे. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाची प्रेरणा, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे तंत्र, महाराष्ट्र शासनाचे साहाय्य आणि वारणेच्या सहकारी संस्थांचा सहभाग, अशी ही जोडणी होती. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे या योजनेत धरली होती. गावात संगणकाचे केंद्र, केंद्र कारखान्याशी जोडलेले, आणि शेतकऱ्याने गावातच आपल्या उसाची माहिती घ्यायची, अशी ती कल्पना. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्यानंतर तीनच वर्षांनी उसाच्या फडाशेजारी संगणकांचे जाळे विणायला घेतले, हे धाडसच म्हणायचे.

पुढे काय झाले, ते थोडे थांबून सांगतो. त्याआधी जाळे कशाचे बनते, ते समजून घेऊ.

पीळ कशासाठी?

बाजारात संगणक जोडण्याची तार मिळते. तिचे वरचे आवरण सोलून पाहा. आत आठ बारीक तारा दिसतील आणि त्या दोन-दोनच्या जोडीने पिळलेल्या असतील. हा पीळ शोभेचा नाही. दूरध्वनीचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अशा पिळाच्या तारांचे पेटंट घेतले होते.

शेजारून विजेची तार गेली असेल, पंखा किंवा मिक्सर चालू असेल, तर त्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे आपल्या तारेत नको असलेला विद्युतदाब उत्पन्न होतो. याला गोंगाट म्हणू. आता गंमत पाहा. जोडीतल्या एका तारेवर संकेत +१ असा पाठवतात आणि दुसरीवर त्याच्या उलट, –१ असा. वाटेत समजा +३ एवढा गोंगाट मिसळला. दोन्ही तारा पिळामुळे गोंगाटाला सारख्याच जवळ असतात, म्हणून तो दोहींत सारखाच मिसळतो. पलीकडे पोचतात ४ आणि २. तेथले यंत्र त्यांची वजाबाकी करते : ४ – २ = २. गोंगाट नसता, तर? १ – (–१) = २. उत्तर तेच! आलेला गोंगाट वजाबाकीतच नाहीसा झाला. पीळ नसता, तर एक तार गोंगाटाच्या सतत जवळ राहिली असती, दुसरी दूर, आणि वजाबाकी चुकली असती.

तरीही तार कितीही लांब नेता येत नाही. लांबीबरोबर संकेत क्षीण होतो आणि त्याचा आकारही बिघडतो. म्हणून अशा तारेच्या एका जोडणीची मर्यादा १०० मीटर ठरवली आहे. घराला ती भरपूर झाली. वारणेसारख्या खोऱ्याला मात्र ती पुरणार नाही. तेथे दूरध्वनीच्या तारा, रेडिओ लहरी असे दुसरे मार्ग शोधावे लागतात.

एका वेळी एकानेच बोलावे

दोन संगणक एका तारेने जोडले, की झाले. पण दहा असले तर? प्रत्येकाची प्रत्येकाशी तार जोडायची म्हटले, तर १० × ९ ÷ २ = ४५ तारा लागतील. मग सर्वांनी मिळून एकच वाट वापरावी हे बरे. परंतु दोघे एकदम बोलले, तर?

हा प्रश्न प्रथम प्रशांत महासागरात सुटला. हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये वेगवेगळ्या बेटांवरून रेडिओने एका संगणकाशी बोलण्याची पद्धत सुरू केली. दोन संदेश एकमेकांवर आदळले, तर दोघांनीही थोडे थांबायचे आणि पुन्हा पाठवायचे. पण किती थांबायचे, ते प्रत्येकाने चिठ्ठी उचलल्यासारखे वेगळे ठरवायचे. दोघे सारखेच थांबले, तर पुन्हा आदळतील ना!

ही कल्पना अमेरिकेतल्या पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये तारेवर आणली. त्यात त्यांनी एक शिष्टाचार वाढवला : बोलण्यापूर्वी ऐका, दुसरा कुणी बोलत असेल, तर थांबा. या पद्धतीला त्यांनी ‘ईथरनेट’ असे नाव दिले आणि आजही घराघरातल्या तारा त्याच नावाने ओळखल्या जातात. त्या पहिल्या जाळ्याचा वेग होता सेकंदाला सुमारे २९ लाख ४० हजार बिट. आणि त्यांना जोडायचे होते काय, ठाऊक आहे? प्रयोगशाळेतले संगणक आणि त्यांना सामाईक असा लेसर प्रिंटर! म्हणजे ताईची अडचण आणि मेटकाफ यांची अडचण फारशी वेगळी नव्हती.

आता तारांच्या जाळ्यात ही टक्कर सहसा होत नाही. कारण मध्ये ‘स्विच’ नावाची पेटी असते. प्रत्येक संगणकाची तार या पेटीत येते. संदेशावर पाठवणाऱ्याची खूण असते. ती पाहून कोणता संगणक कोणत्या भोकाशी आहे, हे पेटी आपोआप शिकते आणि ज्याचा संदेश त्यालाच देते. हवेतल्या लहरींना मात्र पेटीत कोंडता येत नाही. म्हणून वाय-फायवरची यंत्रे आजही आधी ऐकतात, मग बोलतात.

तुकडे आणि पत्ते

मोठा मजकूर एका दमात पाठवीत नाहीत. त्याचे तुकडे करतात. ईथरनेटच्या एका तुकड्यात साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. ३० लाख बाइटचे छायाचित्र म्हणजे सुमारे दोन हजार तुकडे. प्रत्येकावर क्रमांक आणि पत्ता. एखादा तुकडा हरवला, तर तेवढाच पुन्हा मागवायचा. लहान तुकड्यांचा आणखी एक फायदा असा, की ताईचे मोठे छायाचित्र जात असताना वडिलांच्या दोन ओळींच्या संदेशाला खोळंबून राहावे लागत नाही. तो मधल्या फटीतून निघून जातो.

पत्ता कसा असतो? कोल्हापूरचा पत्ता तुम्ही लिहिला असेल : अमुक क्रमांक, ई वॉर्ड, राजारामपुरी. वॉर्ड पाहिला, की शहराचा भाग कळतो. क्रमांक पाहिला, की घर. घरातल्या जाळ्यातले पत्ते असेच असतात. उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. यातले पहिले तीन आकडे म्हणजे वॉर्ड आणि शेवटचा ५ म्हणजे घरक्रमांक. शेवटचा आकडा १ ते २५४ पर्यंत घेता येतो, म्हणजे एवढ्या यंत्रांची सोय झाली.

पण थांबा. शेजारच्या घरातही १९२.१६८.१.५ असू शकतो! मग घोटाळा होत नाही का? हे पत्ते ३२ बिटांचे असतात. त्यामुळे जगात एकूण २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ एवढेच पत्ते होऊ शकतात. जगाची लोकसंख्या आज ८०० कोटींहून अधिक आहे. पत्ते पुरणार कसे? म्हणून काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले. ते घराबाहेर चालत नाहीत, म्हणून कुणीही वापरावेत. घराच्या दारावर ‘राउटर’ नावाची पेटी बसते. मोठ्या वाड्याच्या दारावरच्या कारभाऱ्यासारखे तिचे काम. बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक. आतून कोणी कोणते पत्र पाठवले, याची नोंद कारभारी वहीत ठेवतो आणि उत्तर आले, की ते त्या खोलीत पोचवतो. पुढे १२८ बिटांचे नवे पत्तेही निघाले आणि ते आज वापरात आहेत. पण वाड्यातला कारभारी अजून कामावर आहेच.

घरात येणाऱ्या पाहुण्याला आसन दाखवावे, तसे नव्या यंत्राला मोकळा पत्ता देण्याचे कामही राउटरच करतो. त्यामुळे तुम्हाला आकडे सहसा हाताने भरावे लागत नाहीत.

भिंत आणि लहर

“एवढ्या तारा ओढण्यापेक्षा वाय-फाय बरे!” असे तुम्ही म्हणाल. बरे आहेच, पण दगडी भिंतीला विचारून. वाय-फायच्या लहरी विद्युतचुंबकीय असतात. त्यांची वारंवारता मुख्यतः २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या आसपास असते. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले, की तरंगलांबी मिळते. २.४ गिगाहर्ट्झची लहर १२.५ सेंटिमीटर लांब, ५ ची ६ सेंटिमीटर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की लहरीची तीव्रता चौथाई होते. त्यात भिंत आली, तर आणखी घट. जाड दगडी भिंत पुष्कळ लहर गिळते; पावसाळ्यात ओल धरलेली भिंत त्याहून अधिक. लोखंडी कपाट आणि आरसा लहर परतवतात. पाण्याने भरलेली टाकी तिला शोषते. दोन्हींत ५ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपुढे लवकर हार मानते, पण मोकळ्या खोलीत तिचा वेग जास्त मिळतो.

करून पाहा : घराचा नकाशा कागदावर काढा. लहरीची तीव्रता आकड्यांत दाखवणारी सोय किंवा ॲप फोनवर मिळते. हा आकडा ऋण असतो, जसे –४०, –७०. प्रत्येक खोलीत उभे राहून तो नकाशावर लिहा. ध्यानात ठेवा, हा आकडा १० ने खाली गेला, की तीव्रता दसपट घटते. राउटरजवळ –४० आणि माडीवर –७० असेल, तर फरक ३० चा, म्हणजे माडीवर पोचलेली लहर हजारपट क्षीण आहे! मधले दार बंद करून पुन्हा मोजा. कोणती भिंत शत्रू आहे, ते नकाशाच सांगेल.

खोऱ्यातून मिळालेला धडा

आता वारणेकडे परत जाऊ. तेथे गावोगावी संगणकांची केंद्रे निघाली. शेतीची माहिती, जमिनीचे उतारे, रोजगाराच्या संधी अशा पुष्कळ गोष्टी त्यांतून मिळाव्यात, अशी मूळ अपेक्षा होती. प्रत्यक्षात वापर झाला तो मुख्यतः उसाच्या नोंदींसाठी. तोडणीचा परवाना, वजन, खत, बिल. जे प्रश्न शेतकऱ्याला आधीपासून पडत होते, तेच. मात्र त्यासाठी गावात एक संगणक, प्रिंटर आणि सगळ्यांसाठी वीज लागत होती. दुरुस्तीचा खर्चही होता.

२००७ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातले राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंतारो तोयामा यांनी या केंद्रांचा अभ्यास केला. केंद्रातून जा-ये करणारी माहिती त्यांना अगदी थोडी दिसली. मग त्यांनी सात गावांत आठ महिने एक चाचणी घेतली. नाव दिले ‘वारणा अनवायर्ड’, म्हणजे तारेविना वारणा! गावातल्या संगणकाचे काम साध्या मोबाइल फोनवर सोपवले. शेतकऱ्याचा क्रमांक लिहून लघुसंदेश पाठवायचा. कारखान्यातल्या संगणकाला जोडलेला फोन तो घेणार, संगणक नोंद शोधणार आणि उत्तर परत संदेशानेच येणार. संगणकाची त्या कामापुरती सगळी सोय फोनने भरून काढली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ती पद्धत अधिक पसंत पडली.

हे कसे जमले? लघुसंदेशात मावतात फक्त १४० बाइट. रोमन अक्षरे सात बिटांची धरली, तर १६०. देवनागरी चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून ७०. आपल्या ३० लाख बाइटच्या छायाचित्राला असे एकवीस हजारांहून अधिक संदेश लागतील. पण “वजन किती भरले?” याचे उत्तर एका संदेशात बसते आणि जागाही उरते.

यावरून १९९८ चा प्रयोग चुकला, असे समजू नका. त्या वर्षी खेड्यापाड्यांत मोबाइल पोचलेला नव्हता. हाती जे होते, त्यातून लोकांनी जाळे विणले. ते चालवून पाहिले, म्हणूनच शेतकऱ्याला नेमके काय हवे ते कळले. शिवाय कारखान्यातला संगणक आणि त्यातल्या व्यवस्थित नोंदी नसत्या, तर फोनने उत्तर आणले असते कोठून? बदलली ती शेवटच्या टप्प्यातली वाट. केंद्राला दार असते, कुलूप असते, उघडण्याची वेळ असते; फोन फडातल्या माणसाच्या खिशात असतो.

आता आपले घर

हाच धडा घेऊन ताईच्या घरी जाऊ आणि कोणाला काय पाठवायचे आहे ते लिहून काढू. वडिलांचा संगणक आणि प्रिंटर जागचे हलत नाहीत; त्यांना तार. ताईचा लॅपटॉप आणि सर्वांचे फोन फिरते, त्यांना लहर. पण माडीवर लहर हजारपट क्षीण होऊन पोचते. मग एक तार जिन्याच्या कडेने माडीवर न्यावी आणि तेथे वाय-फायची दुसरी छोटी पेटी बसवावी. भिंतीतून तार, खोलीत लहर! हा उपाय जुन्या घरांना फार सोयीचा आहे.

राउटर शक्यतो घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवा; लोखंडी कपाटात किंवा मायक्रोवेव्ह भट्टीशेजारी नको, कारण ती भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते. जाळ्याची तार विजेच्या तारांच्या नळीतून ओढू नका. वेगळी न्या आणि तिला तीव्र कोन देऊ नका. टोकाला आठ पत्र्यांचे प्लॅस्टिकचे टोपण बसते. त्यातला रंगांचा रूढ क्रम असा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम एकच ठेवा. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी का घुसली, असे वाटेल. मधल्या दोन जागा दूरध्वनीच्या जुन्या जोडीसाठी होत्या, त्याची ही खूण आहे. आधी तोडलेल्या तुकड्यावर हात बसवा. दोन-तीन टोपणे वाया गेली, तर वाईट वाटून घेऊ नका.

जोडणी झाल्यावर ‘पिंग’ ही आज्ञा देऊन पाहा. एक लहानसा तुकडा दुसऱ्या संगणकाकडे जातो आणि परत येतो. किती वेळ लागला, ते पडद्यावर दिसते. १९८३ मध्ये माइक मूस यांनी ती तयार केली आणि पाणबुडी शोधताना ऐकू येणाऱ्या आवाजावरून तिला नाव दिले. घरातल्या तारेवर हा वेळ साधारण सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी येईल. तारेतला प्रवास तर यापेक्षा फारच थोड्या वेळाचा असतो, हे आपण वर पाहिले. मग उरलेला वेळ कोठे गेला? विचार करा.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. राउटरबरोबर आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदला आणि नवा लांबलचक ठेवा. नाही तर लहर भिंतीपलीकडे गेली, की घरचे दारही उघडेच. दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे वळीव येतो तो कडकडाटासह. जवळ वीज पडली, तर लांब तारांत मोठा दाब उत्पन्न होऊन यंत्रे जळू शकतात. ढग दाटू लागले, की राउटरची वीजजोडणी आणि बाहेरून आलेली तार, दोन्ही आधीच काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र त्यांना हात लावू नका. अंगणापलीकडच्या काकांच्या घराशी जोडायचे असेल, तर तांब्याऐवजी काचतंतू वापरावा. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही.

वर्गात खेळण्याजोगे जाळे

शाळेत संगणक पुरेसे नसले, तरी हा पाठ अडत नाही. गुरुजनांनी पुढील खेळ घेऊन पाहावा. प्रत्येक विद्यार्थ्याला एक क्रमांक द्या. मधल्या विद्यार्थ्याला ‘स्विच’ करा. एकाने वीस शब्दांचे वाक्य चार-चार शब्दांच्या पाच चिठ्ठ्यांवर लिहावे. प्रत्येक चिठ्ठीवर कोणाकडून, कोणाला आणि कितवी, हे लिहावे. चिठ्ठ्या उलटसुलट क्रमाने जाऊ द्या. गुरुजींनी गुपचूप एक चिठ्ठी खिशात घालावी! घेणाऱ्याने ती हरवली हे ओळखून मागवून घ्यावी आणि वाक्य पुरे करावे. मग दुसऱ्या फेरीत स्विच काढून टाका : सर्वांनी मोठ्याने बोलायचे, पण आधी ऐकायचे, दोघांचे शब्द आदळले, तर फासा टाकून तेवढे अंक मोजेपर्यंत थांबायचे. पाच जणांत काम भरभर होते. तीस जणांत काय होते, ते प्रत्यक्ष पाहा आणि वेळ नोंदवून आलेख काढा.

आणि घरी एक काम करा. दिवसभरात तुमच्या घरातून कोणते प्रश्न बाहेर जातात आणि कोणती उत्तरे आत येतात, त्यांची यादी करा : दूध संघाचे बिल, उसाचे वजन, बसची वेळ, परीक्षेचा निकाल. प्रत्येकापुढे लिहा, हे किती बाइटांत मावेल? यादी पुरी झाली, की मगच ठरवा तार कोठे लागेल, लहर कोठे पुरेल आणि कोणत्या कामाला धाकट्याला एक हाक मारणेच सोपे पडेल.